वजन उतरावे आणि वजन उचलावे

मराठी माणसाच्या डोक्यात ताकद आणि वजन या सख्ख्या बहिणी आहेत. ज्याच्या अंगात बळ त्याचे वजन जास्त, आणि ज्याचे वजन जास्त त्याच्या शब्दालाही वजन. मोठ्या माणसाला आपण 'वजनदार' म्हणतो. उलट 'माणूस जरा हलका आहे' एवढे कानावर आले, की मुलगी द्यायला कोणी तयार होत नाही. अशा मुलखात नवशिक्याने बळ वाढवता वाढवता वजन घटवावे, असे कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याला ते पगार कमी करून शिल्लक वाढवण्यासारखे वाटते.

या समजुतीचे मूळ तालमीत आहे. तिथे जोर होते, बैठका होत्या, जोडी फिरवणे होते, आणि मधोमध मूठ असलेला अवजड दगडी नाल होता. पण या सगळ्याच्या मागे खुराक होता : दूध, तूप, बदामाची थंडाई. वस्तादाने पोराला 'वाळ' म्हणून सांगितल्याचे सहसा ऐकिवात नाही. या विद्येचा पसारा केवढा, तर बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायामज्ञानकोश' निघाला, तो दहा खंडांत. ते दहाही खंड एका दमात कपाटावर चढवणाऱ्याने आत वाचले नाही तरी चालेल, अशी माझी नम्र समजूत आहे.

थोडे थोडे वाढवत न्यावे, हे तत्त्व मात्र तालमीलाही ठाऊक होते. आज वीस जोर, उद्या एकवीस. ग्रीकांनी तेच मायलो नावाच्या पैलवानाच्या दंतकथेत घातले. हा गृहस्थ रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासराचा बैल झाला, तोवर मायलोही तसाच झाला. आमच्या भाईंदरच्या फ्लॅटमध्ये हा प्रयोग सोसायटी करू देणार नाही, ही गोष्ट वेगळी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युजीन सँडो नावाच्या जर्मन बलवानाने हा सगळा मामला घरात आणला. डंबेल घ्या, आरशासमोर उभे राहा, दंड मोजा. १९०१ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली, तेव्हा परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जन्मदाते कॉनन डॉईल होते. त्याची कीर्ती थेट आपल्या औंध संस्थानापर्यंत पोहोचली. भवानराव पंतप्रतिनिधींनी सँडोची उपकरणे आणि पुस्तके मागवली आणि वर्षानुवर्षे तो व्यायाम केला. पुढे मात्र ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि जन्मभर त्याचाच प्रचार करत राहिले. सूर्यनमस्काराला सामान लागत नाही, माणूस स्वतःचेच वजन उचलतो. माझ्यासारख्याच्या बाबतीत ते काही कमी भरत नाही.

वजन आणि बळ यांची फारकत कशी असते, हे पाहायचे तर कराडजवळच्या गोळेश्वरला जावे. तिथले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ५२ किलो गटात उतरले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सत्तावन्न किलो! एवढे वजन तर आमच्या इमारतीत सहावी-सातवीतली काही मुले बाळगून आहेत. गट ठरलेला असला, की काटा तिथेच धरून बळ वाढवावे लागते, म्हणजे होऊ शकते.

माझा गट डॉक्टरांनी ठरवला. वजन ८३ किलो, वय चोपन्न, रक्तातली साखर काठावर. "नऊ किलो कमी करा," डॉक्टर म्हणाले. हे ठीक होते. पण घरी चौऱ्याऐंशी वर्षांची आई. आमची इमारत चाळीस वर्षांपूर्वीची, भाईंदरमध्ये तेव्हा बांधल्या तशी, तीन मजली आणि बिनालिफ्टची. आईचे गुडघे जिन्याला नको म्हणतात. एकदा तिला खुर्चीत बसवून दोन हमालांकडून खाली नेले, तर ती दिवसभर बोलली नाही. रात्री एवढेच म्हणाली, "मी काय कपाट आहे?" तेव्हा मला वजन उतरवायचेही होते आणि उचलायचेही.

मीरा रोडच्या जिममधल्या पोराने हातात नुसता वीस किलोंचा दांडा दिला. "काका, प्लेटा नंतर." ही रीत तशी डॉक्टरांचीच. १९४५ साली अमेरिकेत डॉ. डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या गुडघ्यांना अशीच पायरी-पायरीने वजने उचलायला लावली आणि दुबळ्याने नुसते पडून राहावे या कल्पनेला धक्का दिला.

नवशिक्याची गंमत अशी, की पहिले काही आठवडे बळ वाढते ते मुख्यतः स्नायू फुगून नव्हे; आहे त्याच स्नायूंना कामाला कसे जुंपायचे, हे मज्जातंतू शिकतात. कारकून तेवढेच, फक्त साहेब हजर झाला. शिवाय अंगावरची चरबी हा आपला प्रॉव्हिडंट फंड. खाणे बेताने कमी केले, की शरीर त्यातून उचल घेते. मात्र डाळ, अंडी, दही, मासे यांत काटकसर नको, आणि व्यायाम सोडून नुसती उपासमार तर नकोच. नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि माणूस हलका होतो, तो दोन्ही अर्थांनी.

पाच महिन्यांत मी ७६ वर आलो. दोन किलोंचे येणे डॉक्टर अजून माझ्या नावावर दाखवतात. जमिनीवरून उचलायचा दांडा मात्र प्लेटांसकट साठ किलोंवर गेला. आईचे वजन ४१. खाशाबांच्या पहिल्या गटात ती सहज बसते.

मागच्या महिन्यात डोळे तपासायला तिला नेले. खुर्ची एका बाजूने मी धरली, दुसऱ्या बाजूने माझ्या मुलाने. दुसऱ्या मजल्यावर तिने मागे वळून विचारले, "दम लागला का रे?"

"नाही गं."

"मग सावकाश चल. शेजारीण दार उघडतेय. बघू दे तिला."