शेंगदाण्याच्या बियाण्याचा हिशेब

साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत, एस.टी. स्टँडवरच्या कागदी पुडीत शेंगदाणा इतका रुळला आहे, की तो परदेशी आहे हे सांगूनही पटत नाही. त्याचं मूळ दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या परिसरात. समुद्रमार्गे इकडे आला आणि घरजावयासारखा राहिला.

पण वाण थकतात. १८९०च्या दशकात मद्रास इलाख्यात भुईमूग घसरला, तेव्हा मॉरिशसहून आणलेल्या बियाण्याने तो सावरला. १९४० साली तिंडीवनमच्या केंद्राने ‘टीएमव्ही-२’ दिला. आपल्याकडे ‘फैजपूर १-५’, ‘कऱ्हाड ४-११’ असे वाण होते. गावाचं नाव बियाण्याला देणारी ही रीत मला कवी म्हणून फार आवडते. पुढे जळगावच्या संशोधकांनी तैवानहून आलेल्या बियाण्यातून निवड करत ‘जेएल-२४’ काढला, तोच ‘फुले प्रगती’. सुमारे शंभर दिवसांत हाती येणारा हा उपट्या वाण मलावीत ‘काकोमा’ आणि झांबियात ‘लुएना’ या नावांनी पोचला. खानदेशातली शेंग आफ्रिकेत नाव बदलून नांदते! मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणांच्या मदतीने नवे वाण घडवले. १९७३ चा ‘टीजी-१’ त्यांतला पहिला, तर १९९१ चा ‘टॅग-२४’ महाराष्ट्रात उन्हाळी भुईमुगासाठी घराघरांत गेला.

मग आंध्रातल्या अनंतपूरचा शेतकरी एकविसावं शतक उजाडलं तरी १९४० चा ‘टीएमव्ही-२’ का पेरत होता? तो अडाणी, जुन्याला चिकटणारा, असं म्हणणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. जरा हिशेब करून पाहा.

हेक्टरी ज्वारीला दहा किलो बी लागतं आणि हजार किलो पिकते, म्हणजे शंभरपट. भुईमुगाला मात्र शंभर-सव्वाशे किलो दाणे लागतात. कोरडवाहू रानात नऊशे किलो शेंगा मिळाल्या, तरी टरफल आणि फुटके, बारके दाणे वजा जाता बियाण्याजोगे पाचशे किलो उरतात. एका हेक्टरातून जेमतेम पाच हेक्टरांचं बी! पैदासकार, पायाभूत, प्रमाणित अशा पायऱ्या चढून नवा वाण गावात यायला वर्षं लागतात. त्यात हे पीक स्वपरागित. घरचं बी पुन्हा चालतं, म्हणून खासगी कंपन्यांना त्यात फारसा रस नाही. उरतात महाबीजसारखी सरकारी महामंडळं. त्यांचं बियाणं वेळेवर पोचलं नाही तर शेतकरी व्यापाऱ्याच्या दारात उभा.

खरी गोम तिथे आहे. काढणीला देणं फेडायचं असतं, म्हणून शेंगा मिळेल त्या भावात जातात. जूनमध्ये पाऊस पडला की तीच शेंग बियाणं म्हणून चढ्या भावाने विकत घ्यायची, कोणत्या वाणाची ते विचारायची सोय नाही.

अनंतपुरात इक्रिसॅटने शेतकऱ्यांच्याच रानात वाण लावून निवड त्यांच्यावर सोडली. त्यांनी पसंत केलेल्या ‘आयसीजीव्ही ९१११४’ ला २००६ साली आंध्रात मान्यता मिळाली. लवकर येणारा, ताण सोसणारा आणि जनावरांना चांगला पाला देणारा. पाल्याचा विचार बाईमाणसं आधी करतात, हे प्रयोगशाळेला उशिरा कळलं. त्याच धर्तीवर गावातच बी तयार करण्याची, साठवण्याची धडपडही झाली. साठवण म्हणजे तरी काय, शेंगा वाळवून, टरफलासकट, कोरड्या जागी ठेवायच्या आणि पेरणीच्या तोंडावर हाताने फोडायच्या. यंत्राने फोडल्या तर पातळ साल सुटते, दाणा दुभंगतो आणि रानात उगवत नाही.