रोस्ट बीफसोबतचा हॉर्सरॅडिश सॉस : झणका आणि त्याची वेळ

हॉर्सरॅडिश सॉस हे इंग्रजी भोजनपद्धतीतील थंड, पांढरे आणि झणझणीत असे तोंडी लावणे आहे. हॉर्सरॅडिश या वनस्पतीचे ताजे मूळ किसून त्यात व्हिनेगर, मोहरी, मीठ व घट्ट क्रीम मिसळून ते तयार केले जाते. रविवारच्या इंग्रजी जेवणात ओव्हनमध्ये भाजलेले बीफ, बटाटे आणि यॉर्कशायर पुडिंग यांच्या जोडीला त्याचे स्थान ठरलेले असते. पदार्थ मोजके आणि कृती सोपी असूनही घरी केलेला सॉस अनेकदा मिळमिळीत होतो. त्याचे कारण बहुधा प्रमाणात नसते. मूळ किसल्यानंतर व्हिनेगर केव्हा घातले, यावर सारे अवलंबून असते.

वनस्पती व इतिहास

हॉर्सरॅडिश ही मोहरी, मुळा व कोबी यांच्याच कुळातील बहुवर्षायू वनस्पती आहे. आग्नेय युरोप आणि पश्चिम आशिया हे तिचे मूळस्थान मानले जाते. तिच्या इंग्रजी नावातील ‘हॉर्स’ या शब्दाचा घोड्याच्या खाद्याशी संबंध नाही. मोठे, राकट या अर्थाने तो जोडलेला आहे. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, जर्मन लोक हे मूळ व्हिनेगरसह कुटून मासे व मांसासोबत खातात, अशी नोंद केली आहे. १६४० साली जॉन पार्किन्सन याने इंग्लंडमधील खेडूत व कष्टकरी लोकांत त्याचा वापर होत असल्याचे लिहिले. नाजूक पोटाच्या माणसांना ते मानवणार नाही, असेही त्याचे मत होते. पुढे हेच मूळ सर्व थरांतील इंग्रजांच्या ताटात आले. अमेरिकेत हेन्री हाइन्झ याने १८६९ साली आपल्या व्यवसायाचा आरंभ बाटलीबंद हॉर्सरॅडिशने केला. मालात भेसळ नाही हे गिऱ्हाइकाला दिसावे, म्हणून त्याने पारदर्शक काचेच्या बाटल्या वापरल्या. आज जपानबाहेर ‘वसाबी’ म्हणून मिळणारा हिरवा लगदाही बहुतांशी हॉर्सरॅडिश, मोहरी व रंग यांचे मिश्रण असतो.

झणका कसा निर्माण होतो

अखंड मुळाला फारसा वास नसतो. त्याच्या पेशींत सिनिग्रिन नावाचे संयुग आणि मायरोसिनेज नावाचे विकर परस्परांपासून वेगळे साठवलेले असतात. किसल्यावर पेशी फुटतात, दोहोंचा पाण्याच्या सान्निध्यात संयोग होतो आणि अलाइल आयसोथायोसायनेट हे उडून जाणारे तिखट द्रव्य तयार होते. मिरचीचा तिखटपणा जिभेवर रेंगाळतो. हा झणका वाफेच्या रूपाने नाकात चढतो आणि क्षणात ओसरतो. मराठी स्वयंपाकघराला हा अनुभव परका नाही. लोणच्यासाठी मोहरी फेसताना डोळ्यांत पाणी आणणारे द्रव्य हेच होय.

व्हिनेगरातील आम्ल विकराचे कार्य थांबवते. किसल्याबरोबर व्हिनेगर घातले, तर तिखटपणा पुरता निर्माण होण्याआधीच क्रिया थांबते आणि सॉस सौम्य होतो. दोन-तीन मिनिटे थांबून घातले, तर झणका वाढलेला असतो आणि आम्लामुळे तो काही काळ टिकतो. व्हिनेगर घातलेच नाही, तर कीस काळसर व कडवट होत जातो आणि तिखटपणाही उडून जातो. उष्णतेनेही हे द्रव्य नाहीसे होते. म्हणून हा सॉस शिजवत नाहीत.

कृती

सहा जणांसाठी : ताज्या हॉर्सरॅडिशचा बारीक कीस ६० ग्रॅम, पांढरे व्हिनेगर १ मोठा चमचा, तयार मोहरीचा लगदा १ लहान चमचा, साखर अर्धा लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा, चिमूटभर पांढरी मिरपूड आणि फेटता येईल असे घट्ट क्रीम १५० मिलिलिटर.

मूळ स्वच्छ धुऊन साल काढावी. मूळ जून असल्यास मधला लाकडासारखा गाभा काढून टाकावा. खिडक्या उघड्या ठेवून ते बारीक किसणीवर किसावे; कीस नाकाजवळ नेऊ नये आणि हात डोळ्यांना लावू नये. कीस दोन ते तीन मिनिटे तसाच ठेवून मग व्हिनेगर घालावे. सौम्य सॉस हवा असल्यास ते लगेच घालावे. त्यानंतर मोहरी, साखर, मीठ व मिरपूड मिसळून दहा मिनिटे मुरू द्यावे. थंड क्रीम जेमतेम आकार धरू लागेपर्यंतच फेटावे. व्हिनेगरामुळे ते आणखी घट्ट होते. आधीच जास्त फेटल्यास मिश्रण फुटून लोण्याचे कण दिसू लागतात. तयार क्रीममध्ये कीस हलक्या हाताने मिसळून सॉस अर्धा तास शीतकपाटात ठेवावा. दोन-तीन दिवसांत तो संपवावा, कारण झणका रोज कमी होत जातो.

क्रीम येथे केवळ दाटपणासाठी नसते. तिखट द्रव्य स्निग्धांशात विरघळत असल्याने त्याची धार बोथट होते आणि मांसाची चव झाकली जात नाही. हाच सॉस वाफवलेले बीट, उकडलेले बटाटे आणि धुरावलेल्या माशांसोबतही वाढला जातो.

आपल्याकडील जिन्नस

आपल्याकडे खोक्यात मिळणाऱ्या साध्या क्रीममध्ये स्निग्धांश सुमारे २५ टक्के असतो आणि ते फेटून फुलत नाही. अशा वेळी १०० ग्रॅम गोडसर, ताजा चक्का व ५० मिलिलिटर क्रीम एकत्र घोटून वापरावे आणि व्हिनेगर थोडे कमी करावे. गोव्यातील माडाच्या सुरेचे व्हिनेगरही चालते. मात्र त्याने रंग व स्वाद किंचित बदलतो. बाटलीतील किसलेल्या हॉर्सरॅडिशमध्ये आधीच व्हिनेगर असते. ते निथळून तीन मोठे चमचे घ्यावे आणि वेगळे व्हिनेगर घालू नये. बाटलीतील कीस तपकिरी झालेला असल्यास त्यातील झणका गेला असे समजावे.

सावधगिरी

भारतात आलेल्या इंग्रजांना शेवग्याच्या मुळाचा वास व तिखटपणा हॉर्सरॅडिशसारखा वाटला. त्यांनी ते मूळ पर्याय म्हणून वापरले आणि शेवग्याला इंग्रजीत ‘हॉर्सरॅडिश ट्री’ हे नाव पडले. तथापि शेवग्याच्या मुळात, विशेषतः त्याच्या सालीत, अपायकारक अल्कलॉइड असतात. शेंगा व पाने नित्य खाण्यातली असली, तरी मूळ सॉससाठी वापरू नये.

युरोपात याहून भयंकर गल्लत झालेली आहे. १८५६ साली स्कॉटलंडमधील डिंगवॉल येथे बागेतून हॉर्सरॅडिश म्हणून बचनागाच्या जातीचे मूळ खणून आणले गेले आणि त्याचा सॉस खाल्लेल्या पाहुण्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. पाने झडलेल्या हिवाळ्यात अशी चूक सहज होऊ शकते. हॉर्सरॅडिशचे मूळ लांब, जवळजवळ सारख्या जाडीचे व फिकट पिवळसर सालीचे असते; बचनागाचे आखूड, टोकाकडे झपाट्याने निमुळते होणारे व गडद तपकिरी असते. खरवडल्यावर हॉर्सरॅडिशचा उग्र वास तत्काळ नाकात चढतो, बचनागाला तो नसतो. ओळखीची खात्री नसलेले मूळ चाखूनही पाहू नये.

मूळ मिळालेच नाही, तर दोन लहान चमचे मोहरीची पूड थंड पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी, चांगली फेसावी आणि मगच व्हिनेगर व क्रीम मिसळावे. पाणी गरम घेतल्यास विकर निकामी होऊन झणका येत नाही. त्याला हॉर्सरॅडिश सॉस म्हणता येणार नाही, परंतु चवीने तो त्याचा जवळचा नातलग ठरतो.