मर्ज केल्यापासून 73 हजार तास

खडवलीहून कसारा लोकलने रोज कल्याण-ठाणे गाठणाऱ्या आणि रात्री घरी येऊन एखाद्या सामूहिक गेमसाठी कोड लिहिणाऱ्या, दुसऱ्यांचा कोड तपासणाऱ्या मुलामुलींसाठी एका त्रुटीचा हा घटनाक्रम. तास मोजले आहेत तिच्यावरच्या हल्ल्याचा कोड जाहीर झाला त्या दिवसापासून. वेळ भारतीय.

73 हजार तास आधी : जुलै 2013
लॉगफोरजे हा अपाची फाउंडेशनचा जावा प्रकल्प. प्रोग्राममध्ये काय घडलं त्याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. सांभाळणारे सगळे स्वयंसेवक. त्यांच्याकडे बाहेरून एक पॅच येतो : नोंदीत ठरावीक खूण दिसली की जेएनडीआय या जावाच्या यंत्रणेमार्फत दुसरीकडची माहिती आणून तिथे भरायची. सोय उपयोगाची वाटते. पॅच मर्ज होतो आणि सप्टेंबरमध्ये 2.0-बीटा9 आवृत्तीतून बाहेर पडतो. ती खूण एखाद्या अनोळखी माणसाने लिहिली तर काय होईल, हा प्रश्न सुटून जातो.

पुढे हेच लॉगफोरजे हजारो ठिकाणी बसतं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत तर चॅटची प्रत्येक ओळ त्यातून जाते.

360 तास आधी : 24 नोव्हेंबर 2021
अलिबाबा क्लाउडचे चेन झाओजुन अपाचीला ईमेल करून या सोयीतला धोका कळवतात. दुरुस्ती सुरू होते. प्रकल्प खुला असल्यामुळे तिचा कोड सगळ्यांना दिसतो. ज्याला तो वाचता येतो, त्याला भगदाड कुठे आहे तेही कळतं.

200 तास आधी : 1 डिसेंबर, सकाळी 10:06:50
क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीला पुढे आपल्या नोंदींत सापडलेली हल्ल्याची सर्वांत जुनी खूण या क्षणाची. त्या सकाळी जगाला याचा पत्ताही नाही.

24 तास आधी : 8 डिसेंबर
चेन यांचा पुन्हा ईमेल. चीनमध्ये या त्रुटीची चर्चा सुरू झाली आहे, घाई करा.

शून्य तास : 9 डिसेंबर
हल्ल्याचा कोड जाहीर होतो. माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर कुणीतरी चॅटच्या चौकटीत टाइप करतं : डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, आत जेएनडीआय आणि दूरच्या एका सर्व्हरचा पत्ता. एंटर. लॉगफोरजे ती ओळ नोंदवायला घेतं, त्या पत्त्यावर जातं, तिथला कोड आणतं आणि चालवतं. सर्व्हर परक्याच्या हाती. ती ओळ ज्यांच्या पडद्यावर पोचली, त्या खेळाडूंचे संगणकही धोक्यात.

पुढचे 24 तास : 10 डिसेंबर
त्रुटी अधिकृतपणे जाहीर होते, क्रमांक सीव्हीई-2021-44228. तीव्रता 10 पैकी 10. लॉगफोरजे 2.15.0 आणि माइनक्राफ्ट 1.18.1 बाहेर पडतात. घाईतली दुरुस्ती पुरी पडत नाही. डिसेंबर संपेपर्यंत 2.16.0, 2.17.0 आणि 2.17.1 काढाव्या लागतात.

जुलै 2022 मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने अहवाल दिला : हा धोका दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ टिकू शकतो. सुरक्षित कोडचं प्रशिक्षण मिळालं असतं, तर 2013 मध्येच तो लक्षात येऊ शकला असता.

म्हणून सांगणं एवढंच. रिव्ह्यूला आलेला कोड नीट चालतो, एवढं पाहून थांबू नका. खेळाडूने टाइप केलेला शब्द त्यात कुठवर जातो, ते ओळीओळीवर बोट ठेवून शोधा. उत्तर सापडेपर्यंत मर्ज करू नका.