दुपारचे भूत

भुतांवर माझा विश्वास नाही. पण मी पुण्याचा असल्यामुळे भुतांविषयी मत मात्र आहे. ते मत असे, की आमच्या शनिवारवाड्यातले भूत आपल्या कामात अक्षम्य हयगय करते.

हे जरा फोड करून सांगायला हवे. पौर्णिमेच्या मध्यरात्री शनिवारवाड्यात 'काका, मला वाचवा' अशी आर्त हाक ऐकू येते, हे पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. काही जण पौर्णिमेऐवजी अमावास्या सांगतात. ते बहुधा नदीपलीकडे राहणारे असतात. हाक मारणारे ते नारायणराव पेशवे आणि जे धावून आले नाहीत ते राघोबादादा, याबद्दल मात्र दोन्ही पक्षांचे एकमत आहे. पुण्यात दोन पक्षांचे एकमत व्हावे ही गोष्ट भुताइतकीच दुर्मिळ.

आता इतिहास काय सांगतो ते पाहा. नारायणरावांचा खून झाला ३० ऑगस्ट १७७३ रोजी. वार सोमवार, तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे पौर्णिमा नव्हे आणि अमावास्या तर नव्हेच नव्हे. आणि वेळ? भर दुपारची! जेवणे उरकून माणसे वामकुक्षीला लवंडतात ती वेळ. पेशवे स्वतः विश्रांती घेत होते, गलका ऐकून उठले. तेव्हा हे भूत तिथी चुकते, प्रहर चुकते, आणि तरीही सव्वादोनशे-अडीचशे वर्षे कोणी त्याला जाब विचारलेला नाही.

जाब विचारला तो एका माणसाने. ते म्हणजे माझे काका.

माझे वडील मी आठ वर्षांचा असताना वारले आणि आई मला घेऊन शनिवार पेठेत काकांकडे आली. दोन खोल्या, मधे एक पडदा, पडद्याच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे काका-काकू. खाली नळावर पाण्याच्या पाळ्या. शनिवारवाडा तिथून चालत पाच मिनिटांवर. शाळेत चौथीच्या इतिहासाने पेशवाईत प्रवेश केला आणि माझे दिवस फिरले. बाप नसलेला, काकाच्या घरी राहणारा असा वर्गात मी एकटाच होतो. मधल्या सुट्टीत मी डबा उघडला की मागच्या बाकावरून बारीक आवाज यायचा, 'काकाऽ, मला वाचवाऽ!' आधी मीही हसायचो. मग हसू येईनासे झाले. मग मी काकांकडे चोरून पाहू लागलो.

काका एका कचेरीत कारकून होते. धोतर, काळी टोपी, छत्री. मुंगी मारतानाही आधी तिला दोनदा सूचना देणारा माणूस. पण राघोबादादाही कपाळावर 'घातकी' असे लिहून फिरत नसणार, असा विचार माझ्या डोक्यात आला आणि तो काही केल्या जाईना. त्यात एके शनिवारी रात्री पडद्यापलीकडून कुजबुज ऐकू आली. काकू म्हणत होत्या, "उद्या सकाळीच उरकू. तुम्ही फक्त त्याला मारा."

मी रात्रभर आईच्या पदराला घट्ट धरून पडून राहिलो.

सकाळी उलगडा झाला. काकू 'मारा' म्हणाल्याच नव्हत्या, 'धरा' म्हणाल्या होत्या. महिन्याचे एरंडेल पाजायचे होते आणि मी हातात सापडत नसे. दीडशे वर्षांचे इतिहासकार ज्या एका अक्षरावर शाई सांडत आले, ते अक्षर माझ्या कानातच बदलले होते. काकांनी मला धरले मात्र, तेव्हा मी अशी काही किंकाळी फोडली की खालचे बिऱ्हाड जिन्यात जमा झाले. किंकाळीतले शब्द कोणते होते ते सांगायला नकोच. काका हात सोडून बाजूला झाले. चेहरा असा, की एरंडेल त्यांनीच प्यायले असावे. त्या महिन्यात मला एरंडेल मिळाले नाही आणि काका दोन दिवस माझ्याशी फारसे बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते नगर वाचन मंदिरातून दोन जाडजूड पुस्तके घेऊन आले. कारकुनी डोक्याचा माणूस. आरोप आला की आधी फाईल मागवायची. पुढचा पंधरवडा रोज रात्री ते कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली पेशवाई वाचत होते. त्यानंतर वैशाखी पौर्णिमा आली. साल १९६६. रात्री अकरा वाजता त्यांनी मला उठवले. "चल," म्हणाले, "साक्षीदाराची जबानी घेऊन येऊ."

आईने विरोध केला, काकूंनी अंगारा लावला, आणि आम्ही निघालो. दिल्ली दरवाज्यासमोरच्या पटांगणात बसलो. चांदणे असे पडले होते की दरवाज्यावरचा एकेक खिळा मोजावा. काकांनी पिशवीतून शेंगदाणे काढले आणि मला वाड्याची हकीकत सांगू लागले. १० जानेवारी १७३० ला पाया घातला, २२ जानेवारी १७३२ ला वास्तुशांत झाली, खर्च रुपये सोळा हजार एकशे दहा. हा आकडा सांगताना त्यांचा आवाज गहिवरला. हिशेब शेवटच्या दहा रुपयांपर्यंत लागलेला पाहून त्यांना नेहमीच भरून येई.

"आता मला सांग," ते म्हणाले, "नारायणराव ज्या महालातून पळाले तो महाल कुठाय?"

मी आत बोट दाखवले.

"नाही! १८२८ च्या फेब्रुवारीत आग लागली, आठवडाभर वाडा जळत होता. उरला तट, दरवाजे आणि जोती. मग हे भूत पळतं कुठून आणि कुठे? भिंती नाहीत, जिने नाहीत, माड्या नाहीत. माणूस मेल्यावर भूत होतो हे एक वेळ मान्य करू. दिवाणखाना जळल्यावर त्याचंही भूत होतं का?"

मी म्हणालो, "त्यांना रस्ता पाठ असेल."

काका विचारात पडले. हा मुद्दा फायलीत नव्हता.

आणि तेवढ्यात आवाज आला. अगदी स्पष्ट. तटाच्या आतून, वरच्या अंगाने. "का... का... का..."

मी काकांच्या कमरेला मिठी मारली. आपण कोणाच्या कमरेला मिठी मारतो आहोत हे लक्षात येऊन लगेच सोडली. आणि दुसरा आवाज आल्यावर पुन्हा मारली. जवळपास दुसरी कंबरच नव्हती. काका शांतपणे उठले, मला तसाच चिकटलेला घेऊन चार पावले पुढे गेले आणि झाडाच्या शेंड्याकडे पाहू लागले. चांदणे फार लख्ख असले की कावळ्यांना उजाडल्यासारखे वाटते आणि ते मधेच ओरडतात, हे मला त्या रात्री कळले.

"'काका' म्हणतोय, हे खरं," काका म्हणाले. "'वाचवा' म्हणतोय का, नीट ऐक."

कावळा पुढे काही म्हणाला नाही.

परतताना काकांनी मला खरी गोष्ट सांगितली. पुस्तकातलीच, पण मागच्या बाकावर कोणाला ठाऊक नसलेली. थोरले माधवराव नोव्हेंबर १७७२ मध्ये गेले आणि सतरा वर्षांचे नारायणराव गादीवर आले. राघोबादादा वाड्यातच नजरकैदेत. पुढे नऊ महिन्यांनी, त्या सोमवारी, सकाळपासूनच गारद्यांमध्ये गडबड होती. पेशव्यांच्या ती लक्षात आली. त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितले. हरिपंत जेवायला गेले.

इथे काका रस्त्यात थांबले. "जेवायला गेले! मराठी राज्याचा धनी सांगतो, की गारद्यांची लक्षणं ठीक नाहीत, आणि हे म्हणतात, आधी पानं वाढा. आमच्या कचेरीत असंच होतं रे."

मग थकलेल्या पगाराचा आरडाओरडा करीत सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसे वाड्यात घुसली. नारायणराव धावत काकांच्या महालात गेले आणि त्यांना बिलगले. तुळाजी पवाराने पाय धरून खेचले. आणि त्या क्षणी एक नोकर पेशव्यांच्या अंगावर पालथा पडला. चापाजी टिळेकर. वार त्याने अंगावर घेतले. तोही मेला, पेशवेही मेले. त्या अर्ध्या तासात वाड्यात आणखी ब्राह्मण मेले, कुणबिणी मेल्या, एक गायसुद्धा मेली.

"'काका, मला वाचवा' असं ओरडले की नाही, ते आपण कोण सांगणार?" काका म्हणाले. "राघोबांना घरात, दरबारात सगळे दादासाहेब म्हणायचे. कागद बघ, 'तीर्थरूप दादासाहेब'. पण वाचवायला कोण आलं? चापाजी आला. मग पौर्णिमेला चापाजीची हाक का नाही रे ऐकू येत कोणाला?"

मला उत्तर सुचले नाही. आजही नीट सुचत नाही. आपल्याकडे भुतांची काय वाण आहे? विहिरीत बुडाला तो गिऱ्हा, मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, वाट चुकवतो तो चकवा, जीव इस्टेटीत अडकला तो समंध, बाळंतपणात गेली ती हडळ. सगळ्यांवर वेताळ मामलेदार. इतकी खाती, इतकी पदे! पण धन्याच्या अंगावर पडून मेला त्याच्यासाठी एक जागा काढावीशी वाटली नाही कोणाला. त्या कुणबिणींची तर नावेही मला कुठे सापडली नाहीत. भूत व्हायलाही नाव लागते आणि घराणे लागते.

बरे, घराण्यावरही सगळे अवलंबून नसावे. नारायणरावांची पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होती. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर मुलगा झाला, तो सवाई माधवराव. हाच मुलगा एकवीस वर्षांचा असताना ऑक्टोबर १७९५ मध्ये ह्याच वाड्याच्या माडीवरून खाली कारंज्यावर पडला आणि दोन दिवसांनी गेला. बापाच्याच वाड्यात, बापाइतक्याच कोवळ्या वयात. पण त्याची हाक कोणी ऐकलेली नाही. त्याला बिचाऱ्याला वाक्य मिळाले नाही. एका वाक्याने भूत उभे राहते. ते वाक्य, 'ध'चा 'मा' आणि १९०९ साली खाडिलकरांनी लिहिलेले 'भाऊबंदकी' नाटक, एवढ्या सामग्रीवर एक भूत सहज पिढ्यान्पिढ्या चालते. ज्या कागदावर आनंदीबाईंनी 'धरावे'चे 'मारावे' केले म्हणतात, तो मूळ कागद दाखवा म्हटले की मात्र सगळे राघोबांसारखे गप्प.

तरी राघोबांना मोकळे सोडावे असे काकांचे म्हणणे नव्हते. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि दोष कोणाकडे जातो ते तोंडावर सांगितले, हे ते दोनदा सांगत. "त्या काकाची बाजू घ्यायला मी वकील नाही," ते म्हणाले. "माझी केस वेगळी आहे."

माझी बाजू मात्र अजून ऐकायची राहिली होती. जिन्यापाशी आल्यावर मी विचारले, "काका, तुम्ही जेवायला गेला असता का?"

काका जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला भूक फार लागते रे. खोटं कशाला सांगू?" आणि थोड्या वेळाने, "पण डबा घेऊन तिथेच बसलो असतो."

त्याच वर्षी भाद्रपद शुद्ध त्रयोदशीला काकांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्जात कारण लिहिले, 'घरगुती'. माझे शाळेत पोट दुखले. ज्याला ऐकायचे आहे त्याने ठरल्या तिथीला, ठरल्या वेळी हजर राहावे, हा त्यांचा सिद्धान्त. आम्ही मागच्या बाजूच्या नारायण दरवाज्याच्या आत, जोत्याच्या सावलीत बसलो. ह्याच दरवाज्यातून नारायणरावांचा देह बाहेर नेला, असे सांगतात. काकांनी डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी, कैरीचे लोणचे. उन्हात एक माळी पाइपने हिरवळीला पाणी घालत होता. बाकी सगळे शांत. तीन वाजता काका म्हणाले, "आलं नाही बुवा," आणि त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती, हे मी शपथेवर सांगतो.

पुढे दरवर्षी जमले तसे आम्ही जात राहिलो. मी कॉलेजात गेलो तरी, नोकरीला लागलो तरी. बायकोला लग्नाआधी मी ह्या वार्षिक भुताची कल्पना दिली होती. तिने दोनच्या ऐवजी तीन डबे भरून दिले. काका थकल्यावर रिक्षाने गेलो. डबा नेहमी तेच धरून बसत. शेवटच्या वर्षी त्यांना ऐकू येईनासे झाले होते. मला म्हणाले, "काही आवाज आला तर सांग हं, नाहीतर मी आपला जेवत बसायचो."

काका गेल्यावर मधली बरीच वर्षे माझा नेम चुकला. परवाच्या भाद्रपदात मात्र पंचांग पाहून मुद्दाम गेलो. सत्तरी उलटली आहे, उन्हाचा त्रास होतो, म्हणून सावली शोधून जोत्यावर टेकलो. डबा उघडतो न उघडतो तोच मागून हाक आली. भर दुपारची, बरोबर वेळेवर, कोवळ्या आवाजात.

"काकाऽ!"

पोटात गोळा आला. वळून पाहिले. पाठीला पिशवी अडकवलेला एक अठराएक वर्षांचा मुलगा हातात मोबाइल धरून उभा होता.

"काका, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

मी डबा उचलला आणि बाजूला झालो.