इंजिन ठरवणारा एक्सल

घराच्या गॅरेजमध्ये गाडी बांधायला घेणाऱ्याच्या स्वप्नात आधी इंजिन येतं. ब्रिटनमधल्या किट कारच्या, म्हणजे सुट्या भागांतून घरी जुळवायच्या गाड्यांच्या, इतिहासात मात्र इंजिनाचा निर्णय अनेकदा मागच्या एक्सलने केला आहे, आणि तो एक्सल आला भंगाराच्या आवारातून.

सुरुवात करापासून झाली. तयार मोटारीवर तिथे जबर खरेदी कर होता. सुट्या भागांच्या रूपात घेतलेल्या गाडीवर तो लागत नसे. अशाच गाड्या म्हणून कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने आधी मार्क सिक्स आणि १९५७ मध्ये सेव्हन बाजारात आणली. नळ्यांचा हलका सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आत फोर्डचं ११७२ सीसीचं साइडव्हॉल्व्ह इंजिन. ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती. पण हे इंजिन गल्लोगल्लीच्या फोर्ड गाड्यांमध्ये होतं, सुटे भाग कुठेही मिळत आणि कोणत्याही मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असे.

१९७३ मध्ये खरेदी कर जाऊन व्हॅट आला आणि करातली ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. तरीही घरी गाडी बांधण्याचा नाद टिकला, कारण फोर्ड एस्कॉर्ट होती.

पहिल्या दोन पिढ्यांची एस्कॉर्ट घरबांधणीसाठी जणू आयती सोय होती. पुढे उभं बसवलेलं इंजिन, त्याला जोडलेला गिअरबॉक्स, मग प्रोपेलर शाफ्ट आणि मागे एकसंध एक्सल. सगळं एकाच जुन्या गाडीतून निघे आणि एकमेकांशी जुळलेलंच असे. हे जुळणं फार मोलाचं. दुसरीकडचं इंजिन आणलं, तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाची, म्हणजे बेल हाउसिंगची, भोकं जुळत नाहीत, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते क्लच प्लेटमध्ये बसत नाहीत, आणि इंजिनाखालचं तेलाचं खोल भांडं, म्हणजे संप, सांगाड्याखाली लोंबून रस्त्याला घासायच्या बेतात येतो. मग संप कापून उथळ करायचा, त्यात तेलाची पातळी सांभाळायची. इंजिन स्वस्तात मिळालं तरी जोडकामात पैसे जातात ते असे.

शाळेत शिकवणाऱ्या रॉन चॅम्पियन यांनी १९९६ मध्ये अवघ्या २५० पाउंडांत स्पोर्ट्स कार बांधण्याचं पुस्तक लिहिलं, तेही एस्कॉर्टचेच भाग धरून. तोवर त्या जुन्या एस्कॉर्ट दुर्मीळ होत चालल्या होत्या. १९८० च्या नव्या एस्कॉर्टची पुढची चाकं ओढू लागली होती. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच कुशीत. लांब नाकाच्या सेव्हनला ती मांडणी जशीच्या तशी चालेना. बांधणारे फोर्डच्याच, मागची चाकं ओढणाऱ्या सिएराकडे वळले. तिचा पाच गिअरचा टाइप नाइन गिअरबॉक्स हवाहवासा झाला. पण १९९३ मध्ये सिएराही बंद झाली आणि तिच्या जागी पुढची चाकं ओढणारी माँडेओ आली.

काहींनी मोटरसायकलचं इंजिन बसवलं. वजनाला हलकं, गिअरबॉक्स पोटातच आणि आवाज अंगावर काटा आणणारा. पण मोटरसायकलला सहसा रिव्हर्स गिअर नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. आणि तिचा क्लच बांधलेला असतो कमी वजन ओढायला.

बाकीच्यांना आधार मिळाला जपानचा. १९८९ मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५ चं इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, शिवाय ती अमाप खपली. तिच्या दारांखालच्या पट्ट्या गंजतात, म्हणून जुनी गाडी स्वस्तात मिळते. किट बांधणाऱ्याला तो पत्रा नकोच असतो. तो इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल काढून घेतो आणि गंजलेला सांगाडा पुन्हा भंगारात धाडतो.