चवदार तळ्याकाठी इतिहासाचा तास

इतिहास हा आपल्या शाळा-महाविद्यालयांत पाठांतराचा विषय होऊन बसला आहे. सनावळ्या, तह, लढाया आणि राजघराण्यांच्या वंशावळी घोकून विद्यार्थी उत्तीर्ण होतो आणि निकालाबरोबर तो सारा इतिहास विसरून जातो. यावर उपाय म्हणून शिक्षणशास्त्राचे अभ्यासक सांगतात की, विद्यार्थ्याला वस्तुसंग्रहालयात न्या, ऐतिहासिक स्थळी न्या. त्याला वस्तू हाताळू द्या, प्रश्न विचारू द्या. सूचना चांगली आहे. परंतु ती स्वीकारण्यापूर्वी आपण विचारले पाहिजे : कोणत्या संग्रहालयात? कोणत्या स्थळी? आणि तेथे गेल्यावर कोणाचा इतिहास पाहायचा?

शाळेची सहल म्हटली की रायगड, प्रतापगड, शनिवारवाडा ही नावे ठरलेली असतात. किल्ले पाहू नयेत असे कोणीही म्हणणार नाही. शिवाजी महाराजांचे राज्य रयतेला आपले का वाटले, हे रायगडावर उभे राहून शिकवण्यासारखेच आहे. पण मुंबईहून रायगडाला जाणाऱ्या सहलीच्या गाड्या महाडवरून पुढे जातात. त्यांपैकी किती गाड्या चवदार तळ्यापाशी थांबतात? गाडी कोठे थांबवायची आणि कोठून नुसती हाकायची, हा निर्णय वरवर सोयीचा दिसतो. प्रत्यक्षात तो इतिहासाविषयीचा निर्णय असतो. विद्यार्थी न सांगता शिकतो की, गड म्हणजे इतिहास आणि पाणी म्हणजे नुसते पाणी.

संग्रहालयांची गोष्ट फारशी वेगळी नाही. पितळी समया, अडकित्ते, पालख्या, तलवारी, भरजरी शेले काचेआड मांडलेले असतात. खालच्या पाटीवर धातू, शतक आणि फार तर घराण्याचे नाव असते. ती समई कोणी ओतली, पालखी कोणाच्या खांद्यावर होती, शेला कोणत्या हातांनी विणला, याचा उल्लेख क्वचितच सापडतो. वस्तू वापरणाऱ्याचा इतिहास होतो. वस्तू घडवणारा इतिहासाबाहेर राहतो. गावगाड्यात ज्यांना श्रमाचा वाटा मिळाला आणि मानाचा मिळाला नाही, त्यांची संग्रहालयातही तीच गत आहे.

हे असेच असावे लागते काय? लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेले लेख आहेत. धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने दार घडवल्याची नोंद तेथे आहे. सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याची नोंद आहे. दान देणाऱ्या यवनांची आहे. श्रेष्ठीचे नाव कोरणाऱ्या दगडावर सुताराचेही नाव कोरले गेले. बौद्ध संघाला दान देताना माणसाचा व्यवसाय लपवण्याची गरज भासत नव्हती. विद्यार्थ्याला या लेखासमोर उभे करून एवढेच विचारावे : ज्या प्रदेशात सुताराचे नाव दगडावर येत होते, त्याच प्रदेशात पुढे श्रम करणाऱ्याचे नाव पुसले कसे गेले? या एका प्रश्नात महाराष्ट्राच्या समाजरचनेचा बराच मोठा इतिहास सामावलेला आहे.

तरीही स्थळावर इतिहास कसा शिकवावा याचा उत्तम नमुना मला महाडमध्ये दिसतो. सत्याग्रहाची हकिगत थोडक्यात सर्वांना ठाऊक असते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तसा ठराव करून तळे खुले केले. ठराव झाला, पण पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे लोक तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्याले. वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. मागाहून १०८ घागरी आणि पंचगव्य यांनी तळे 'शुद्ध' करण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

वर्गात ही हकिगत पंधरा मिनिटांत सांगून होते. तळ्याकाठी ती सांगायला पूर्ण दिवस पुरत नाही, कारण तेथे प्रत्येक वाक्याला जागा आहे. विद्यार्थ्यांनी प्रथम तळ्याला एक फेरी मारावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या तळ्याचे वर्णन आहे : विस्तार चार ते पाच एकर, सभोवती नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे स्पृश्यांची आणि थोडी मुसलमानांची घरे, आणि काठावरचे काही घाट व जमिनीच्या पट्ट्या त्या घरमालकांच्या मालकीच्या. हे वर्णन हातात घेऊन विद्यार्थ्याने विचारावे : पाणी नगरपालिकेचे, पण पाण्यापर्यंत जाणाऱ्या पायऱ्या कोणाच्या? कागदावरचा हक्क आणि पायऱ्यांवरची सत्ता यांत किती अंतर असते, हे पुस्तकातून कळत नाही. ते काठावर चालताना कळते.

त्यानंतर दुसरा प्रश्न. परिषदेसाठी आलेल्या लोकांकरिता चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले होते. इतके मोठे तळे हाकेच्या अंतरावर भरलेले असताना पाणी विकत का घ्यावे लागले? अस्पृश्यता म्हणजे मनातला किळसवाणा भाव एवढेच विद्यार्थ्याला शिकवलेले असते. अस्पृश्यतेला आर्थिक बाजू असते, ती तहानेचीही किंमत वसूल करते, हे या चाळीस रुपयांतून त्याला उमगते.

तिसरे काम कागदपत्रांचे. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. त्याचे अंक महाडच्या घटनेने भारलेले आहेत. ते अंक आज पुनर्मुद्रित स्वरूपात मिळतात. डिसेंबरच्या सत्याग्रहापूर्वी सनातन्यांनी दिवाणी दावा लावून मनाई हुकूम मिळवला. तो दावा पुढे दहा वर्षे चालला. महाडच्या न्यायालयाने १९३१ साली, ठाण्याच्या न्यायालयाने १९३३ साली आणि उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी वादींच्या विरुद्ध निकाल दिला. उच्च न्यायालय काय म्हणाले? अस्पृश्यता अन्यायकारक आहे असे म्हणून त्याने निकाल दिला नाही. अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध होत नाही, एवढ्या मुद्द्यावर निकाल लागला. 'पूर्वापार चालत आले आहे' हे सवर्णांचे सर्वांत मोठे शस्त्र. ते न्यायालयात पुराव्याच्या कसोटीवर टिकले नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला धडा कोणता? परंपरा म्हणून जे जे समोर येईल, त्याचा पुरावा माग.

चौथे काम माणसांचे. तळ्यावर पुतळा एकाचा असतो, पण चळवळ अनेकांची होती. परिषदेसाठी राबणारे रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, नगरपालिकेचे सुरबानाना टिपणीस. हल्ल्याच्या वेळी जिवाच्या भीतीने धावणाऱ्यांना आसरा देणारी मुसलमानांची घरे. डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना तेव्हा आपली जमीन देणारे फत्तेखान. मनुस्मृती-दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे आणि त्याला अनुमोदन देणारे पां. ना. राजभोज. ही नावे विद्यार्थ्याने त्या त्या जागी उभे राहून उच्चारली पाहिजेत. स्त्रियांचा शोध तर अधिकच निकडीचा आहे. मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या १९८९ सालच्या ग्रंथासाठी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून जे काम केले, ते प्रत्येक गावात व्हायचे राहिले आहे. ते करणारे हात आपल्या वर्गातच बसलेले असतात.

कोरेगावचा स्तंभ ही याच पद्धतीची अवघड परीक्षा आहे. १ जानेवारी १८१८ ची लढाई कंपनी सरकारची होती आणि स्तंभ कंपनीने आपल्या विजयाच्या अभिमानाने उभारला. त्यावर 'नाक' हा प्रत्यय असलेली महार शिपायांची नावे आहेत. याच इंग्रजांनी पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद केली. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले आणि राज्यकर्त्यांच्या स्तंभाला आपल्या माणसांनी नवा अर्थ दिला. स्तंभ कोणी उभारला आणि अर्थ कोणी दिला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवायला शिकवणे म्हणजेच इतिहास शिकवणे. अभिमान त्याने कमी होत नाही. तो डोळस होतो.

जगात इतरत्र शोषितांनी आपली संग्रहालये कशी उभी केली हेही पाहण्यासारखे आहे. ज्या काळ्या अमेरिकेपासून दलित पँथरने १९७२ साली आपले नाव घेतले, त्या अमेरिकेत मेंफिस येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झालेल्या लोरेन मोटेलमध्येच १९९१ साली नागरी हक्कांचे संग्रहालय उघडले. तेथे एक बस आहे. आत बसलेल्या प्रेक्षकाच्या कानावर जागा सोडण्याचा ड्रायव्हरचा हुकूम येतो. जोहान्सबर्गच्या वर्णभेद संग्रहालयात (२००१) तिकिटावर 'गोरा' किंवा 'गोरेतर' असा शिक्का मिळतो आणि त्याप्रमाणे वेगळ्या दारातून आत जावे लागते. केपटाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतून, १९६६ साली ती गोऱ्यांसाठी राखीव ठरवल्यावर, साठ हजारांहून अधिक लोक हुसकले गेले. १९९४ साली तेथे उघडलेल्या संग्रहालयात जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा अंथरला आहे आणि हुसकलेल्या लोकांनी त्यावर आपापल्या घराच्या जागी नावे लिहिली आहेत.

या तिन्हींपैकी आपल्याला कोणता मार्ग घ्यायचा, याचा विचार गंभीरपणे केला पाहिजे. अपमानाचा अनुभव प्रेक्षकाला 'देण्याचा' मार्ग आकर्षक आहे. ज्या मुलाने जात कधी सोसलेली नाही, त्याला काही क्षण तरी तो धक्का बसेल. पण आपल्या वर्गात दोन प्रकारची मुले शेजारी बसतात. वस्तीतून येणाऱ्या, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलीला वेगळ्या दारातून जाण्याचा खेळ खेळायला लावणे म्हणजे काय? तिच्या आजीने तो खेळ म्हणून खेळलेला नव्हता. आणखी वाईट म्हणजे, 'तू तुझा अनुभव सांग' असे म्हणून तिला सगळ्यांसमोर उभे करणे. तेथे ती विद्यार्थिनी राहत नाही, ती संग्रहालयातली वस्तू होते. तिची वेदना तिची आहे. ती केव्हा आणि कोणाला सांगायची हे तिने ठरवावे. शिक्षकाने तिच्या हातात निकालपत्र द्यावे, नकाशा द्यावा, मोजपट्टी द्यावी. तिला साक्षीदार करू नये, संशोधक करावे.

म्हणून मला केपटाउनचा नकाशा जवळचा वाटतो. महाडच्या परिसराचा असा नकाशा अंथरावा. मार्चमध्ये कोणत्या गावांतून माणसे पायी आली, डिसेंबरमध्ये 'पद्मावती' बोटीने येऊन दासगावला कोठे उतरली, कोणत्या रस्त्याने चालली, हे त्यांच्या नातवंडांनी आणि पणतवंडांनी स्वतःच्या हाताने त्यावर लिहावे. असा नकाशा करायला मोठ्या इमारतीची गरज नाही. महाविद्यालयाच्या सभागृहाची जमीनही पुरेल.

स्मारके वाढत आहेत, पुतळे उंच होत आहेत. अभिवादनाला लाखो माणसे येतात. ही आपली ताकद आहे. पण माणसाने केवळ हात जोडावेत आणि परतावे, एवढ्यावर स्मारकाचे काम थांबले तर त्याचे देऊळ व्हायला वेळ लागत नाही, आणि देवळात प्रश्न विचारायचे नसतात. पुण्याच्या भिडेवाड्याची जुनी वास्तू २०२३ साली नव्या स्मारकासाठी पाडण्यात आली. उद्या तेथे काय उभे राहील याच्या सौंदर्यापेक्षा तेथे मुलींना काय वाचायला, हाताळायला आणि विचारायला मिळेल, याची चौकशी आपण केली पाहिजे. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव तेथे शिकवत होते. निदान त्या जागेने शिकवणे सोडू नये.

२० मार्च २०२७ ही चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या शताब्दीची तारीख आहे. शताब्दीला भाषणे होतील, मिरवणुका निघतील, त्या निघाव्यातच. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी त्याखेरीज एक काम अंगावर घ्यावे : रायगडाला निघालेली प्रत्येक सहल महाडला अर्धा दिवस थांबवावी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात त्या निकालपत्राचे मराठी भाषांतर द्यावे. पायऱ्या तेथे आहेत. प्रश्न आपण न्यायचे आहेत.