विंडोज संगणक वारंवार कोसळणे

विंडोज संगणक वारंवार कोसळणे : विंडोज प्रणालीवर चालणारा संगणक वापरात असताना निळा पडदा दाखवून थांबणे, आपोआप पुन्हा सुरू होणे किंवा जागच्या जागी गोठणे, आणि असे पुन्हापुन्हा होणे. दुरुस्तीच्या दुकानात ही तक्रार ‘हँग होतो’, ‘रिस्टार्ट मारतो’, ‘सीपीयू बंद पडतो’ अशा शब्दांत येते. ही तीन वेगळी लक्षणे असून त्यांची कारणेही बहुधा वेगळी असतात. एखादाच प्रोग्राम बंद पडत असेल आणि बाकी यंत्र नीट चालत असेल, तर तो त्या प्रोग्रामचा दोष होय. त्याचा विचार येथे केलेला नाही.

येथील विवेचन खानदेशातील लहान गावे डोळ्यांपुढे ठेवून केले आहे. उदाहरणार्थ, जळगाव जिल्ह्यातील फैजपूर (ता. यावल) हे सातपुड्याचा पायथा आणि तापी यांच्या दरम्यान, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर मार्गावर वसलेले गाव. रावेर व यावल तालुक्यांसाठीचे प्रांत कार्यालय, धनाजी नाना महाविद्यालय आणि जे. टी. महाजन अभियांत्रिकी महाविद्यालय येथे आहेत. त्यामुळे झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म आणि दाखले यांचा व्यवसाय चालतो. केळीच्या पीकविम्याची मुदत संपत आली असताना अशा दुकानातला एकुलता एक संगणक तासाला दोनदा रिस्टार्ट होऊ लागला, तर नुकसान फक्त दुकानदाराचे होत नाही.

या विषयावरील बहुतेक मार्गदर्शन वातानुकूलित खोली आणि स्थिर वीज गृहीत धरून लिहिलेले असते. म्हणून त्यात ड्रायव्हर आणि अपडेट आधी येतात. खानदेशात हा क्रम उलटा धरणे शहाणपणाचे : आधी वीज, मग उष्णता आणि धूळ, मग रॅम व डिस्क, आणि सॉफ्टवेअर त्यानंतर. ‘फॉरमॅट मारणे’ हा येथील सर्वांत लोकप्रिय उपाय. तो शेवटचा असायला हवा.

नोंदी वाचणे : कोसळताना विंडोज स्वतःच पुरावा ठेवते, आणि फॉरमॅटमध्ये नेमका तोच पुसला जातो. निळा पडदा दिसून पुढच्याच क्षणी यंत्र पुन्हा सुरू होते, कारण तशी मांडणी मुळातच केलेली असते. सिस्टिम गुणधर्मांतील ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागात आपोआप रिस्टार्ट होण्याची खूण काढली की पडदा थांबून राहतो आणि मोबाइलवर त्याचा फोटो घेता येतो. निळा पडदा १९९३ च्या विंडोज एनटीपासूनचा. उदास चेहऱ्याची खूण २०१२ च्या विंडोज ८ मध्ये आली आणि विंडोज ११ मध्ये २०२५ पासून पडदा काळा झाला. रंग कोणताही असो, कामाचा असतो तो त्यावरील दोष-क्रमांक.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद शोधावी. यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढाच तिचा अर्थ. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल, तर विंडोजला दोष नोंदवायला वेळच मिळालेला नाही : वीज तुटली, एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) बसला, अतिउष्णतेने प्रोसेसरने स्वतःला बंद केले किंवा यंत्र गोठल्यावर कोणी बटण दाबून धरले. शून्याखेरीज आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा होय. हा आकडा येथे दशमान पद्धतीत असतो, तर पडद्यावर किंवा माहितीपत्रकात षोडशमान पद्धतीत. जुळत नाही म्हणून गोंधळू नये. २६ म्हणजे स्मृतिव्यवस्थापनाचा दोष, तेथे संशय रॅमवर. १२२ म्हणजे डिस्कवरून माहिती वाचता आली नाही. २९२ म्हणजे हार्डवेअरनेच कळवलेला गंभीर दोष, २७८ म्हणजे ग्राफिक्स ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा होणे. विंडोज फोल्डरमधील ‘मिनीडंप’ या उपफोल्डरात प्रत्येक निळ्या पडद्याची छोटी फाइल साठते. मायक्रोसॉफ्टच्या मोफत विनडीबीजी साधनाने ती उघडता येते. ‘सफाई’ करणारी सॉफ्टवेअर या फाइली कचरा समजून उडवतात. सर्वांत सोपे साधन म्हणजे रिलायबिलिटी मॉनिटर. त्यात दिवसवार आलेख असतो. पहिले लाल चिन्ह कोणत्या दिवशी उमटले आणि त्याच दिवशी काय बसवले, हे शेजारी-शेजारी दिसते. इतके उपयोगी साधन विंडोजमध्ये इतके आड दडवून का ठेवले आहे, हे एक कोडेच आहे.

वीज : लघुदाब ग्राहकाला २३० व्होल्ट पुरवठा अपेक्षित असून त्यात ६ टक्के कमीजास्त चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. केळीच्या पट्ट्यात उन्हाळाभर पंप चालतात. गावठाण आणि शेतीचा भार एकाच डीपीवर (रोहित्रावर) असेल, तर थ्री फेज आल्याबरोबर व्होल्टेज खाली बसते. डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर उलट धोका : एखाद्या घरात दाब ४०० व्होल्टच्या जवळ चढू शकतो आणि बोर्डासकट सगळे जळते. संगणकाचा एसएमपीएस पुरवठा तुटल्यावर सुमारे १६ मिलिसेकंदच तग धरतो. येथे एक बारीक गोष्ट हमखास सुटते. घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ अशी कळ असते. नॉर्मलवर तो पंखे-दिव्यांसाठी सैल वागतो आणि बॅटरीवर जायला त्या १६ मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेऊ शकतो. लाइट गेली की दिवा फक्त मिचकतो, संगणक मात्र रिस्टार्ट होतो. कळ फिरवली की कित्येक ‘व्हायरस’ बरे होतात. छोट्या यूपीएसमधील १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, उष्ण खोलीत त्याहून लवकर. अर्थिंग तपासण्यासाठी वायरमन बोलवावा. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते काम आजच करावे.

एसएमपीएस तपासण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुसरा चांगला एसएमपीएस लावून चार दिवस पाहणे. आतले विद्युत-अपघटनी धारित्र, म्हणजे दुकानातला ‘कपॅसिटर’, दर १० अंश जादा तापमानाला साधारण निम्मे आयुष्य गमावते. डोके फुगलेला कपॅसिटर बोर्डावर डोळ्यांनीही दिसतो. महानगरांतील कार्यालयांतून निघालेले रिफर्बिश्ड संगणक लहान गावांत भरपूर विकले जातात. त्यांचा प्रोसेसर ठणठणीत असतो, पण कपॅसिटर म्हातारे झालेले असतात.

उष्णता व धूळ : अनेक डेस्कटॉपच्या माहितीपत्रकात खोलीचे तापमान ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच चालेल असे छापलेले असते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याखालच्या दुकानात त्याहून वर. तापमान ठरावीक मर्यादेवर गेले तर केळीला हवामानाधारित विम्यात भरपाई मिळते. संगणकाला तशी सोय नाही. प्रोसेसर साधारण १०० अंशांजवळ आपला वेग कमी करतो आणि तरीही तापत राहिला तर बंद पडतो. म्हणून दुपारी दोन ते पाच या वेळेत बंद पडणारा आणि सकाळी सुरळीत चालणारा संगणक आधी उघडून पाहावा. हीटसिंकवर धुळीचा थर असतो, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झालेली असते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरावा. एचडब्ल्यूइन्फोसारख्या मोफत साधनाने तापमान दिसते. वाळ्याच्या ताट्यांचा कुलर माणसाला सुखावतो, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. ओलावा आणि धूळ मिळून रॅमच्या टोकांवर किटण धरते. रॅम काढून खोडरबराने घासण्याचा दुकानातला उपाय हास्यास्पद वाटतो, पण तो खरा आहे. त्यानंतरही २६ क्रमांक आला तर मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे, आणि दोन रॅम असल्यास एकेक लावून.

डिस्क : क्रिस्टलडिस्कइन्फो हे साधन डिस्कची प्रकृती सांगते. ‘पेंडिंग सेक्टर’ (वाचता न येणारे, संशयित भाग) वाढत असतील, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता आधी माहिती दुसरीकडे उतरवावी. सीआरसी दोष वाढत असतील तर डिस्क चांगली असून साटा केबल खराब असण्याचा संभव मोठा.

सॉफ्टवेअर : वरचे सगळे निर्दोष ठरल्यावर सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर, यंत्र चालवून पाहावे. तेथे दिवसभर टिकले तर दोष ड्रायव्हरचा किंवा सुरुवातीलाच चालू होणाऱ्या एखाद्या प्रोग्रामचा. एकाच यंत्रावर दोन अँटिव्हायरस, परवान्याच्या डोंगलसाठी बसवलेले पुराणे ड्रायव्हर आणि फुकट परवाना देणारी ‘क्रॅक’ ही नेहमीची मंडळी. प्रणालीच्या फाइली बिघडल्या असतील तर आधी डीआयएसएम आणि मग एसएफसी या आज्ञा चालवाव्यात.

ड्रायव्हरला मिळालेल्या एका सदोष फाइलने काय होऊ शकते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे सदोष अपडेट भारतीय वेळेनुसार सकाळी ९.३९ ला सुटले आणि १०.५७ ला मागे घेतले गेले. तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय साधा होता, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढणे, पण तो बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापुढे बसूनच करावा लागला. गावातल्या दुकानांत हे महागडे सॉफ्टवेअर सहसा नसते.

हार्डवेअरचा दोष सॉफ्टवेअरचा वाटावा, याचे ठळक उदाहरण इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांचे. जादा व्होल्टेज मागण्याच्या चुकीने ते कायमचे खराब होत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असे यंत्र असल्यास बायोस अद्ययावत करावे; आधीच बिघडलेला प्रोसेसर मात्र त्याने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. यंत्र कोसळण्याशी त्याचा थेट संबंध नाही आणि त्या कारणाखाली नवा संगणक गळ्यात मारला जात असेल, तर आधी ४१ क्रमांकाची नोंद दाखवायला सांगावे. यंत्र दुरुस्तीला नेताना घरचा यूपीएस आणि तीच पॉवर केबलही सोबत न्यावी, आणि कोणत्या वेळी बंद पडते ते कागदावर लिहून द्यावे. दुकानातल्या चांगल्या विजेवर, पंख्याखाली ठेवलेल्या यंत्रात घरचा दोष दिसत नाही.